दगडाने राखलेलं गवत : कॅन्ससच्या चेस काउंटीत

गुरुवार

एम्पोरिया ओलांडून हायवे ५० ने पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात शेतं नदीकडे सरकतात. कॉटनवुड नदीच्या काठाने गहू-सोयाबीनची पट्टी तेवढी सोबत राहते. तिच्या पलीकडे दोन्ही बाजूंना नुसत्या गवताच्या टेकड्या. झाड नाही, घर नाही, विजेचा खांबही क्वचित. ही चेस काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). कॅन्ससच्या १०५ काउंट्यांपैकी एक, आणि फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांच्या पट्ट्यात पुरती बुडालेली.

आम्ही कॅन्सस सिटीत राहतो. माझे वडील, अण्णा, माण तालुक्यातले. सगळी नोकरी कृषी खात्यात, मृदसंधारण आणि कुरणांच्या कामावर गेली. इथे आल्यापासून त्यांना मॉल दाखवून झाले, तळी दाखवून झाली. दोन्हीकडे ते बाकडं शोधून बसत. शेवटी नवऱ्यानेच विषय काढला, "अण्णा, गवत बघायला येता का?" दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अण्णा बूट घालून तयार.

"पाऊस किती पडतो इथं?" गाडीतला पहिला प्रश्न.

"वर्षाला तीस इंचांच्या वर."

"आमच्या माणात एवढा पडला तर लोक पेढे वाटतील. मग नांगर का लावला नाही इथं कुणी?"

उत्तर रस्त्याच्या कडेलाच होतं. टेकडी कापून रस्ता काढलेल्या एका जागी गाडी थांबवली. कापलेल्या अंगावर पिवळट-पांढऱ्या चुनखडीचे थर, मध्ये मध्ये शेल नावाच्या मऊ, मातकट दगडाचे, आणि चुनखडीत घट्ट रुतलेले करडे-निळे गोटे. ते गोटे म्हणजे चकमकीचा दगड. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, तो पुन्हा पुन्हा आला आणि ओसरला. हे थर त्याच्या तळाचे. चुनखडी पावसात झिजते, विरघळते. चकमक विरघळत नाही. त्यामुळे माथ्यावर हातभर मातीखाली चकमकीच्या खडीचा थर साचून राहिला आहे. नांगराचा फाळ त्यावर आपटला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. अण्णांनी एक गोटा उचलला, दुसऱ्यावर घासला, वास घेतला आणि टेकड्यांकडे बोट केलं. उतारांना पायऱ्या पडलेल्या होत्या, एकावर एक, अगदी सह्याद्रीसारख्या. आपल्या पायऱ्या लाव्हाच्या थरांच्या, या समुद्राच्या गाळाच्या. पण कठीण थर टिकतो आणि मऊ थर मागे हटतो, हा हिशेब दोन्हीकडे तोच. १८०६ साली झेब्युलन पाइक नावाचा लष्करी अधिकारी इथून गेला. त्याने रोजनिशीत या टेकड्यांना चकमकीच्या, खडबडीत टेकड्या म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

आता माणसांचं. काउंटीचं क्षेत्रफळ ७७८ चौरस मैल, म्हणजे सुमारे २,०१५ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी तीनदा मावतील एवढी जागा. २०२० च्या जनगणनेत इथले लोक २,५७२. अण्णांनी आकडा दोनदा विचारून घेतला. ही नेहमीचीच गत नव्हती. १९०० साली इथे ८,२४६ लोक राहत होते. तेव्हापासून आकडा घसरतोच आहे.

घसरण्याचं कारणही दगडच, थोड्या आडवळणाने. अमेरिकेने १७८५ च्या कायद्यापासून पश्चिमेकडची जमीन पट्टी लावून मोजली: एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौकोन, प्रत्येकी ६४० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने त्याचा चौथा हिस्सा, १६० एकर, राहून कसणाऱ्या कुटुंबाला जवळपास फुकट मिळायचा. ओहायोतल्या काळ्या मातीत १६० एकर म्हणजे श्रीमंती. इथल्या माथ्यावर तेवढ्यात कुटुंबाचं भागत नाही. नदीकाठच्यांना जमीन पुरली, वरच्यांनी विकली, आणि विकत विकत मोठमोठी रांचं, म्हणजे गुरं चारायची खासगी रानं, तयार झाली. हजारो एकर कुरण सांभाळायला चार माणसं पुरतात. दगडाच्या खाणींनी आणि रेल्वेने काही काळ हात दिला, पुढे काँक्रीट आलं आणि तेही काम गेलं.

संध्याकाळी स्ट्राँग सिटीवरून कॉटनवुड फॉल्सला पोचलो. या दोन गावांमध्ये जेमतेम दोन मैल आणि एक नदी. कॉटनवुड फॉल्स आधीचं, काउंटीचं मुख्य ठाणं. पण १८७१ च्या सुमाराला सँटा फे रेल्वे आली ती नदीच्या उत्तरेने, आणि स्टेशनाभोवती दुसरंच गाव उभं राहिलं. पुढे रेल्वे कंपनीच्या विल्यम बार्स्टो स्ट्राँग या अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. दोन्ही गावं जोडायला एके काळी जनावरांनी ओढायची ट्रामसुद्धा होती. आज कॉटनवुड फॉल्समध्ये ८५१ लोक, स्ट्राँग सिटीत ३८६. हायस्कूल एका गावात, प्राथमिक शाळा दुसऱ्यात, म्हणजे भांडण मिटलेलं दिसतं. रेल्वेचा मार्ग मात्र अजून गजबजलेला आहे. शिकागो आणि कॅलिफोर्निया यांच्यामधल्या मालगाड्या रात्रभर जातात. इथे एकही थांबत नाही.

शुक्रवार

कॉटनवुड फॉल्सचा मुख्य रस्ता, ब्रॉडवे, विटांचा आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीची दुमजली दुकानं, अर्धी चालू, अर्धी बंद. आणि रस्ता जिथे संपतो तिथे, बरोबर मधोमध, कोर्टहाउस. एवढ्याशा गावाला ही इमारत भलतीच मोठी आहे. १८७३ साली पुरी झाली. लाल कौलवजा छप्पर चारही बाजूंनी कमरेत वाकलेलं, त्यावर घड्याळ, त्यावर मनोरा. जमिनीपासून उंची ११३ फूट. पॅरिसमध्ये तेव्हा जी शैली चालत होती ती कॅन्ससच्या गवतात आणून ठेवली आहे. वास्तुकार जॉन हॅस्केल. टोपेकातल्या राज्य विधानभवनाच्या कामातही हा माणूस होता. दगड अर्थातच इथलाच. कॅन्ससमध्ये आजही रोजच्या कामासाठी वापरात असलेलं हे सर्वात जुनं कोर्टहाउस.

आत जायला तिकीट नाही. खाली कर भरायला आलेले दोघं उभे होते, आम्ही त्यांच्या बाजूने जिन्याकडे गेलो. हा जिना बघण्यासाठी कामाच्या दिवशी यावं. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा, गोल वळत तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. झाडं याच नदीकाठची. कठड्यावरून दीडशे वर्षं हात फिरून लाकूड काचेसारखं झालंय. अण्णांनी कठडा खालपासून वरपर्यंत सोडला नाही. वर न्यायालयाची खोली, उंच खिडक्या, आणि मागे जुनी कोठडी. सर्वात वरच्या गोल खिडकीतून ब्रॉडवे सरळ नदीपर्यंत दिसतो.

काउंटीची स्थापना १८५९ ची. कॅन्सस गुलामगिरीच्या बाजूने जाणार की विरुद्ध, यावर रक्तपात चालला होता तो हा काळ. इथले पुढारी विरुद्ध बाजूचे, म्हणून नाव दिलं ओहायोच्या सॅमन चेस या गुलामगिरीविरोधी नेत्याचं. हेच चेस पुढे लिंकनचे अर्थमंत्री आणि मग सरन्यायाधीश झाले. नाव देणाऱ्यांतला सॅम्युअल वुड हा मला चेसपेक्षा रंगतदार वाटतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, गुलामगिरीविरुद्ध लढायला १८५४ साली कॅन्ससमध्ये आलेला. कॉटनवुड फॉल्समध्ये वर्तमानपत्र काढलं, राजकारण केलं, १८६७ मध्ये बायकांना मताधिकार द्यावा म्हणून राज्यभर मोहीम चालवली. अमेरिकेत या प्रश्नावर लोकांचं मत घेणारं कॅन्सस हे पहिलं राज्य. ठराव पडला. वुडचा शेवट १८९१ साली, राज्याच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात. काउंटीचं मुख्य ठाणं कोणत्या गावात असावं या वादात त्याला गोळी घातली. ठाण्यावरून खून! एवढं काय होतं त्यात, असं कुणाला वाटेल. पण मुख्य ठाणं म्हणजे कोर्ट, कचेरी, हॉटेल, वकील. ते गेलं की गाव गेलं. मुंबई प्रांतात तालुक्याचं ठिकाण हलल्याने बसलेली गावं अण्णांनी लगेच मोजून दाखवली.

कोर्टहाउसच्या दारावर १८७३ वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, उत्तरेला लागून असलेल्या मॉरिस काउंटीतून कॉ या इथल्या मूळ लोकांना ओक्लाहोमात हलवलं गेलं. कॅन्सस हे नावच या लोकांवरून पडलेलं. करारामागून करार करून त्यांची जमीन आकसत नेली आणि शेवटी त्यांनाच काढलं. शेजारच्या रॉनिगर संग्रहालयात दगडी बाणांची टोकं मांडून ठेवली आहेत. दोन भावांनी आयुष्यभर शेतातून वेचलेली. चकमकीचा हाही उपयोग, आणि नांगराच्या कितीतरी आधीचा. काचेमागच्या त्या शेकडो टोकांबद्दल माहिती भरपूर आहे, ती घडवणाऱ्यांबद्दल फारच कमी.

दुपारी स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला, टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात. उंच गवताची ही माळरानं एके काळी उत्तर अमेरिकेत १७ कोटी एकरांवर पसरलेली होती. आता चार टक्क्यांहून कमी उरली आहेत, आणि त्यातली बहुतेक फ्लिंट हिल्समध्ये. बाकी सगळी मका-सोयाबीनखाली गेली. जिथे फाळ चालला नाही तिथेच हे गवत वाचलं. सरकारने वाचवलं म्हणणं खोटं ठरेल, आणि पशुपालकांनी वाचवलं हेही अर्धंच खरं. आधी दगडाने वाचवलं.

सरकारचा प्रवेश झाला तो फार उशिरा, आणि कुरकुरतच. प्रेअरीचं राष्ट्रीय उद्यान करायचे प्रयत्न अनेक दशकं चालले. १९६१ साली उत्तरेकडच्या पॉटावाटोमी काउंटीत केंद्रीय मंत्री स्टुअर्ट उडॉल जागा बघायला हेलिकॉप्टरने उतरले, तर तिथल्या रांचवाल्याने त्यांना सरळ चालते व्हा म्हणून सांगितलं. शेवटी १९९६ मध्ये तडजोड झाली. सुमारे ११ हजार एकरांचं क्षेत्र, पण केंद्र सरकारची स्वतःची मालकी १८० एकरांपेक्षा जास्त असू नये, अशी कायद्यातच अट. बहुतेक जमीन आज नेचर कॉन्झर्व्हन्सी या खासगी संस्थेची आहे आणि व्यवस्था राष्ट्रीय उद्यान सेवा बघते. भूसंपादनाच्या फायली ज्यांनी हाताळल्यात त्यांना ही अट वाचून गंमत वाटेल. अण्णांना वाटली.

रस्त्यालगतच स्टीफन जोन्स याचं १८८१ चं घर आहे. कोर्टहाउसची धाकटी बहीण शोभेल असं, त्याच चुनखडीचं, तसंच छप्पर. मागे तीन मजली दगडी गोठा, ११० फूट लांब आणि ६० फूट रुंद. आणि एक दगडी शौचकूप, एका ओळीत तीन बैठकांचं. आमच्या फोटोंत सगळ्यांत जास्त फोटो याचेच निघाले. मधल्या आवारांना दगडी कुंपणं. त्यांचीही एक सरकारी कथा आहे. लाकूड नाही, काटेरी तार अजून यायची होती, आणि मोकाट गुरांवरून भांडणं. १८६७ मध्ये राज्याने कायदा केला: साडेचार फूट उंच दगडी कुंपण बांधा, दर रॉडला, म्हणजे साडेसोळा फुटांना, ४० सेंट घ्या. चुना-सिमेंट काही न लावता नुसते रचलेले ते दगड अजून उभे आहेत.

टेकडीवरची लोअर फॉक्स क्रीक शाळा बाहेरूनच बघितली. १८८२ ची, एका खोलीची. शेवटचा वर्ग १९३० मध्ये भरला. लोकसंख्येचे तक्ते वाचण्यापेक्षा या शाळेच्या पायरीवर उभं राहून चारी बाजूंना एक नजर टाकावी. पोरं यायची ती घरं कुठे होती याचा मागमूसही दिसत नाही.

मग चालत वरच्या कुरणात. २००९ साली दक्षिण डकोटातल्या विंड केव्ह उद्यानातून १३ बायसन, म्हणजे अमेरिकन रानगवे, आणून इथे सोडले. आता कळप शंभराच्या आसपास आहे. लांबून दिसले. पण अण्णा त्यांच्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. गेल्या वर्षीचं वाळलेलं बिग ब्लूस्टेम गवत तिथे उभं होतं, त्यांच्या छातीइतकं. चांगल्या वर्षी हे आठ फुटांपर्यंत जातं आणि मुळं दहा फुटांहून खोल. एक काडी मोडून त्यांनी पेर बघितलं, पानाचा आवरणासारखा भाग नखाने सोलला, वरचा तीन बोटांचा तुरा उलगडला. "पवन्या, मारवेल, ज्वारी, ऊस... हे त्याच खानदानातलं आहे. बघ, दाणे जोडीनं बसतात, एक देठाचा, एक बिनदेठाचा." खरंच आहे, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही सगळी एकाच कुळशाखेतली.

परतताना पार्किंगजवळच्या बाईंनी, रेंजर होत्या त्या, रस्त्याकडेचं दुसरं एक गवत दाखवलं. आशियातून चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला आणलेलं, आपल्या मारवेलचं चुलत भावंडं, आणि आता मूळ गवताच्या उरावर बसलेलं. अण्णांनी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना सांगा, आमच्याकडं गाजरगवत अमेरिकेतून आलं. पन्नासच्या दशकात पहिल्यांदा पुण्यात दिसलं, आयात गव्हातून आलं म्हणतात. आता फिटंफाट झाली." बाई मनापासून हसल्या आणि गाजरगवताचं शास्त्रीय नाव लिहून घेतलं.

शनिवार

पहाटे पाचला उठायचं कारण प्रेअरी चिकन. माळावरचा हा कोंबडीएवढा पक्षी. मार्च-एप्रिलमध्ये नर ठरलेल्या उघड्या माथ्यावर पहाटे जमतात, गळ्याशी नारिंगी पिशव्या फुगवतात, पाय आपटतात आणि घुमतात. आम्ही काउंटी रस्त्यावर गाडी बंद करून काचा खाली घेऊन बसलो. आधी नुसता आवाज, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा. उजाडल्यावर दुर्बिणीतून नऊ-दहा ठिपके उड्या मारताना दिसले. माद्या दोन. त्यांचं लक्ष अजिबात नव्हतं.

नाश्ता करून रस्ता १७७ ने दक्षिणेला. बझार नावाचं गाव लागतं, म्हणजे एक चर्च, शाळेची जुनी इमारत आणि थोडी घरं. एके काळी टेक्सासहून गुरं भरभरून येणाऱ्या आगगाड्या इथे रिकाम्या व्हायच्या. आता ट्रक येतात. जवळून जाणाऱ्या टर्नपाइकला, म्हणजे टोलच्या महामार्गाला, इथे एक फाटा ठेवलाय तो फक्त गुरांच्या गाड्यांसाठी.

बझारच्या नैर्ऋत्येला एका कुरणात ३१ मार्च १९३१ ला विमान पडलं. कॅन्सस सिटीहून विचिटामार्गे लॉस एंजेलिसला जाणारं फॉकर एफ-१०. आठही जण गेले. त्यात नॉत्र दाम विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक नूट रॉकनी होते. तेव्हा देशात त्यांच्याइतकं लोकप्रिय नाव खेळात दुसरं नव्हतं. देश हादरला आणि सरकारला अपघाताचं कारण उघड सांगणं भाग पडलं. विमानाचा पंख लाकडी होता, डिंकाने जोडलेला. आत ओल शिरून जोड सुटला होता. लाकडी पंखांच्या प्रवासी विमानांवरचा लोकांचा विश्वासच उडाला. विमान कंपन्या पूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या, बोइंग २४७ आलं, डग्लसचं डीसी-२ आणि मग डीसी-३. भारतात फाळणीच्या वेळी निर्वासितांना घेऊन उडालेली डाकोटा ती हीच. स्मारकाचा दगड खासगी कुरणात आहे, मालकाला विचारल्याशिवाय जाता येत नाही. त्या दिवशी धावत तिथे पोचलेला एक शेतकऱ्याचा पोरगा पुढे म्हातारा होईपर्यंत त्या जागेची निगा राखत होता आणि येईल त्याला दाखवत होता. आम्ही कुंपणाबाहेरूनच परतलो. टर्नपाइकवर मॅटफील्ड ग्रीनच्या विश्रांतिस्थळी रॉकनींबद्दल फलक आहेत, ते मात्र कुणालाही वाचता येतात.

मॅटफील्ड ग्रीनमध्ये ४९ लोक राहतात. गावाच्या उत्तरेला पायोनियर ब्लफ्स हे रॉग्लर कुटुंबाचं जुनं रांच. मूळ पुरुष चार्ल्स रॉग्लर ऑस्ट्रियातून आलेला, १८५९ मध्ये आयोवाहून चालत इथे पोचला. घर, गोठे छान ठेवलेत. खरं सांगायचं तर तोवर माझं दगडी गोठ्यांनी पोट भरलं होतं.

संध्याकाळी परतताना क्षितिजावर धुराच्या चार-पाच भिंती दिसल्या. एप्रिलमध्ये इथे आग लावतात, दरवर्षी. एका कच्च्या रस्त्याला काम चालू होतं तिथे आम्ही लांब थांबलो. कामावरच्या एका बाईने हात करून जवळ बोलावलं आणि पहिली सूचना दिली: गाडी जळून गेलेल्या बाजूला लावा, काळ्यावर. तिथे पुन्हा जळायला काही नसतं.

माणसं सहा. दोन पिकअपवर पाण्याच्या टाक्या आणि पंप. हातात ड्रिप टॉर्च, म्हणजे डिझेल-पेट्रोलचं मिश्रण भरलेला डबा, तोटीच्या टोकाला पेटती वात. चालत जायचं आणि थेंब थेंब आग सांडत जायची. आधी वाऱ्याच्या खालच्या कडेने रेघ ओढतात. ही आग वाऱ्याविरुद्ध रांगत, घोट्याएवढ्या उंचीने सरकते आणि काळा पट्टा तयार करते. तो पुरेसा रुंद झाला की वरच्या बाजूने पेटवतात. मग वाऱ्यासोबत आग जी येते, ती पुरुषभर उंच, भाकरी भाजताना नव्हे, तर अख्खं छप्पर पेटल्यावर होतो तसा आवाज करत. काळ्या पट्ट्यावर आली की आपोआप मरते. ऐंशी-नव्वद एकरांचं कुरण अर्ध्या तासात गेलं.

अण्णांचा हात खिशात राहिना. रांचवाला साठीचा, टोपी काळीठिक्कर. नवरा मध्ये दुभाषी.

"का जाळता?"

नाही जाळलं तर सीडरची झाडं माजतात आणि वीस-तीस वर्षांत कुरणाचं जंगल होतं. शिवाय जुनं वाळकं गेलं की नवा फुटवा लवकर येतो, त्यावर गुरांचं वजन जास्त वाढतं. ही पद्धत गोऱ्यांनी काढलेली नाही. कॉ आणि ओसेज लोक बायसनना ओढून आणायला असंच पेटवत.

"गुरं किती तुमची?"

त्याची एकही नाही. टेक्सासकडून एप्रिलच्या शेवटी वासरं-गोऱ्हे येतात, जुलैच्या मध्यापर्यंत चरून जातात. कुरणही त्याचं नाही, मालक दुसऱ्या राज्यात राहतात. हा राखणदार. डोकीमागे पैसे.

"म्हणजे गुरं एकाची, रान दुसऱ्याचं आणि धूर खाणार हा," अण्णा मला मराठीत म्हणाले. नवऱ्याने हेही भाषांतर करून टाकलं. रांचवाला थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, काउंटीबद्दल एवढं नेमकं त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

अण्णांना एक गोष्ट पटली नाही, आणि मलाही. सगळंच कुरण दरवर्षी जाळायचं आणि वर थोड्या दिवसांत दुप्पट गुरं सोडायची, तर सकाळच्या त्या माद्यांनी अंडी घालायची कुठे? त्यांना आडोशाला गेल्या वर्षीचं गवत लागतं. संरक्षित क्षेत्रात म्हणूनच तुकड्या-तुकड्यांनी जाळतात, दरवर्षी साधारण एक तृतीयांश. खासगी रानात तसं करणारे आहेत, पण थोडे. आणि धूर वाऱ्याबरोबर आमच्या कॅन्सस सिटीपर्यंत येतो, हवा बिघडते, दर एप्रिलला त्यावरून वाद. हे सगळं खरं. तरी आग बंद केली तर हे गवतच राहणार नाही, हे त्याहून खरं.

रविवार

पश्चिमेकडचा भाग भराभर केला. एल्मडेलमध्ये ४० लोक. नदी गावाला चिकटून, १९५१ च्या महापुरात गाव बुडालं होतं. क्लेमेंट्सजवळ १८८० च्या दशकातला दोन कमानींचा दगडी पूल आहे, आता फक्त चालण्यासाठी. रेल्वेच्या पुलांसाठी दगड घडवणारे पाथरवट इथे होते, तेव्हा गावच्या पुलालाही तेवढीच नेटकी घडण मिळाली. खाली उतरून कमानीचे दगड जवळून बघा. सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही.

सीडर पॉइंटला तर २२ लोक. तिथे नदीवर बंधारा आणि कडेला १८७० च्या दशकातली दगडी पिठाची गिरणी. काउंटीत गहू पिकायचा तो याच काठावर आणि दळला जायचा इथे. गिरणी बंद आहे, बंधाऱ्यावर दोन पोरं मासे धरत बसली होती. अण्णांनी विचारलं तर कॅटफिश म्हणाली.

जाणार असाल तर: पेट्रोल स्ट्राँग सिटीत भरून घ्या, दक्षिणेला फोनची रेंज भरवशाची नाही. संरक्षित क्षेत्रात प्रवेश मोफत आहे. बायसनपासून शंभर यार्डांहून लांब राहा, ते दिसतात तेवढे मंद नाहीत. रोडिओ बघायचा असेल तर जूनच्या सुरुवातीला स्ट्राँग सिटीत. १९३० च्या दशकापासून चालत आलेला आहे. आगी मार्चअखेर ते एप्रिलअखेर. कपड्यांचा धूर दोन धुण्यांत जातो. आणि गवत डोक्याच्या वर, तांबूस झालेलं बघायचं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. अण्णांना तेव्हाच परत यायचंय. त्यांचा मुक्काम ऑगस्टमध्ये संपतो, म्हणून सध्या घरात व्हिसाची मुदतवाढ कशी मागायची याचा फॉर्म उघडून ठेवला आहे. येण्याचं कारण या रकान्यात "गवत" लिहिलं तर चालेल का, एवढंच ठरायचंय.